इतर हक्कातल्या बहिणी

२०२३ च्या पावसाळ्यानंतर आमच्या बीड जिल्ह्यात पणजोबांना एकाएकी भाव आला. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांतली वर्षानुवर्षांची धूळ उडाली. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कूळ नोंदवही, हक्क नोंदपत्रक हे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागले. मी वकील नाही, प्राध्यापक नाही. मोडी स्वतःच्या हौसेने शिकलो, जुने महसुली कागद लावण्याची सवय वीसेक वर्षांची. एवढ्या भांडवलावर माझ्याकडेही माणसे झेरॉक्सच्या पिशव्या घेऊन यायला लागली.

दाखल्यासाठी वंशावळ लागते. खापरपणजोबापासून अर्जदारापर्यंत नावांची उतरंड काढायची आणि त्यावर शपथपत्र करायचे. केज तालुक्यातला एक तरुण शेतकरी असाच आला. आजोबांच्या वरची नावे त्याला येत नव्हती, म्हणून तो आत्याला सोबत घेऊन आला होता. आत्या पंचाहत्तरीच्या आसपासच्या. त्यांनी भिंतीला टेकून बसत चार पिढ्यांची नावे घडाघडा सांगितली. कोण निपुत्रिक गेला, कोण दत्तक आला, कोण तुळजापूरकडे निघून गेला. मी लिहीत होतो. कागद पुरा झाला तेव्हा आत्यांनी विचारले, "अन् माझं नाव कुठं लिवायचं?"

भाचा हसला. "आत्या, तुझं नाव तिकडं, सासरच्या वंशावळीत."

"तिकडं बी न्हाई," आत्या म्हणाल्या. "तिकडं पोरायचीच हायेत."

सगळी वंशावळ जिच्या तोंडून उतरली, ती बाई त्या कागदावर नव्हती. तिच्या सासरचा कागदही मी नंतर पाहिला, तिथेही नव्हती. आणि कायद्याने पाहिले तर जात ठरवताना लग्न झालेल्या बाईचा बापच पाहतात, नवरा नव्हे. आत्यांना स्वतःला दाखला हवा असता तर त्यांना याच वंशावळीत शिरावे लागले असते. जातीच्या कामाला मुलगी बापाची, जमिनीच्या कामाला परक्याची, असा हा हिशेब आहे. तो कधीपासून चालत आला आणि कायद्याने तो किती बदलला हे पाहावे म्हणून मी आत्यांच्या घराचे जमिनीचे कागद मागून घेतले. हा लेख त्या कागदांवरून लिहिला आहे. गाव आणि नावे अर्थातच दिलेली नाहीत.

मराठवाड्याच्या कागदांना एक जुनी खोड आहे, एकाच नावाची. निजामाच्या राज्यात १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८ चा जमीन महसूल कायदा होता. त्यात जमिनीचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी ज्याच्यावर तो पट्टेदार. पट्टा साधारणपणे घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावाने. धाकटे भाऊ जमिनीचे तितकेच मालक असले तरी त्यांचे नाव पट्ट्यावर नसे. त्यांना शिकमीदार म्हणत. सरकारला मालक किती याच्याशी देणेघेणे नव्हते, पैसे कोणाकडून वसूल करायचे एवढाच प्रश्न होता. निजाम गेला, १९४८ ला पोलीस ॲक्शन झाली, १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्र झाला; पट्ट्याच्या जागी सातबारा आला. पण एका नावाची सवय मोडली नाही. शिकमीदाराच्या जागी नवे लघुरूप आले, 'एकुमॅ', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप गेला की थोरल्या भावाचे नाव लावायचे आणि पुढे एकुमॅ लिहायचे. निजामाच्या काळी धाकटे भाऊ तरी शिकमीदार म्हणून मोजले जात. बहिणीला तेवढाही शब्द नव्हता.

आत्यांच्या वडिलांच्या बाबतीत हेच झाले. ते वारले १९७४ मध्ये. मागे बायको, दोन मुलगे, दोन मुली. वडिलोपार्जित जमीन वीस एकर. पुढच्या वर्षीच्या फेरफारात एकच नाव आहे: थोरला मुलगा, एकुमॅ. खाली एक ओळ: 'मुलींनी जबाब देऊन हक्क सोडला आहे.' आत्या म्हणतात, असा जबाब दिल्याचे मला आठवत नाही. तो कागद फायलीत नाही. आणि या ओळीत आईचा उल्लेखच नाही. तिने हक्क सोडला असेही लिहिलेले नाही. ती जिवंत होती, १९९१ पर्यंत जगली, त्याच शेतात खुरपत होती. पण वारसांच्या कागदावर ती सुरुवातीपासूनच नव्हती.

बहिणीवर बोलताना आपण आईला विसरतो, म्हणून इथे जरा थांबतो.

हिंदू वारसा म्हटले की मिताक्षरा हा शब्द येतो. याज्ञवल्क्य स्मृतीवरची ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणी नगरीत लिहिली. ते कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातले. १९५६ पर्यंत बीड आणि बिदर एकाच हैदराबाद राज्यात होते. म्हणजे देशातल्या बहुतेक हिंदूंचा वारसा ज्या ग्रंथाने ठरवला, तो आमच्या शेजारी लिहिला गेला. त्यात विज्ञानेश्वर म्हणतो की मूलबाळ आणि बायको मागे नसलेला माणूस वारला तर त्याच्या वारसांत आई बापाच्या आधी येते. सतराव्या शतकातल्या नीलकंठाच्या 'व्यवहारमयूखा'त याच्या उलट आहे, तिथे बाप आधी. नीलकंठाचे भट्ट घराणे मूळचे पैठणचे, पुढे काशीला गेलेले. बसवकल्याणने आईची बाजू घेतली आणि पैठणच्या वंशजाने बापाची, असे गमतीने म्हणता येईल. मात्र याच नीलकंठाच्या आधाराने पुढे मुंबई इलाख्यात बहिणीला भावाच्या वारसांत जवळची जागा मिळाली, हेही त्याच्या खात्यावर जमा करायला हवे.

मिताक्षरेतली आणखी एक गोष्ट महाराष्ट्रात टिकली. मुलग्यांनी वाटणी केली तर आईला एका मुलग्याइतका हिस्सा. ती स्वतः वाटणी मागू शकत नव्हती, पण वाटणी झालीच तर तिचे ताट मांडावे लागे. मद्रासकडे हा हक्क लोपला होता, आपल्याकडे नाही.

१७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा लागू झाला. बाबासाहेबांनी ज्या हिंदू कोड बिलासाठी १९५१ ला मंत्रिपद सोडले, त्याचाच हा तुकडा. बीड तेव्हा अजून हैदराबाद राज्यात होते, पण कायदा देशभराचा होता. या कायद्यात मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर आधी पहिल्या वर्गाचे वारस येतात: मुलगा, मुलगी, विधवा, आई आणि आधीच वारलेल्या मुला-मुलींची मुले व सुना असे काही. सगळ्यांना एकदम, बरोबरीने. या यादीत बाप नाही. बाप दुसऱ्या वर्गात, अगदी वर; त्याच्या खालच्या ओळीत भाऊ आणि बहीण. पहिल्या वर्गातले एक माणूस जरी जिवंत असले तरी दुसऱ्या वर्गाला काही मिळत नाही. मी हे सांगतो तेव्हा गावात कोणी विश्वास ठेवत नाही. तरणा मुलगा वारला की त्याच्या जमिनीवर, विम्यावर, बँकेतल्या पैशावर त्याचा बाप बसतो. आईला कोणी विचारत नाही. कायद्यात नेमके उलटे आहे. मुलाच्या स्वतःच्या मिळकतीत आई त्याच्या बायकामुलांच्या बरोबरीची वारस, आणि ती मंडळी असताना बापाला काही नाही.

आता वीस एकरांचा हिशेब करू. १९५६ चा कायदा म्हणत होता की एकत्र कुटुंबातला पुरुष वारला तर त्याच्या मृत्यूच्या क्षणी मनातल्या मनात एक वाटणी झाली असे धरायचे, त्यात त्याच्या वाट्याला जे आले असते तेवढेच त्याच्या वारसांत वाटायचे. या मानलेल्या वाटणीत बायकोचे ताट मांडायचे की नाही, हा प्रश्न सांगलीच्या न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खंडाप्पा मगदूम १९६० मध्ये वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी १९६२ मध्ये दावा लावला. १९७८ मध्ये सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला: हिराबाईंना मानलेल्या वाटणीतला एक चतुर्थांश, शिवाय नवऱ्याच्या चतुर्थांशातला सहावा भाग. मिळून सात चोविसांश. सोळा वर्षे लागली, पण आईचे ताट कायम झाले.

हाच हिशेब आत्यांच्या घराला लावला. बाप, आई, दोन मुलगे: पाच-पाच एकर. बापाचे पाच एकर पाच वारसांत, म्हणजे प्रत्येकाला एक. आत्यांना १९७४ ला बापाकडून एक एकर. आईचे झाले सहा एकर. ती १९९१ ला मृत्युपत्र न करता वारली, तेव्हा तिचे सहा एकर चौघा मुलांत सारखे: प्रत्येकी दीड. म्हणजे जुन्या, मुलींना तुटपुंजे देणाऱ्या कायद्यानेही आत्यांचे अडीच एकर होते, आणि त्यातला मोठा भाग बापाकडून नव्हे, आईकडून आलेला होता. आईचे नाव फेरफारात आले नाही म्हणून हे दीड एकर कोणाच्या ध्यानातच आले नाही. मी हा हिशेब तीनदा करून पाहिला. बहिणींच्या हिश्शावर इतके लिहिले जाते, पण तो आईच्या नावाबरोबरच आधी पुसला जातो, हे मला तोवर दिसले नव्हते.

पुढच्या दुरुस्त्या वाचकांना बहुधा माहीत असतील, म्हणून थोडक्यात. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला जन्माने सहदायाद केले, मुलग्याच्या बरोबरीने. पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. आत्यांचे लग्न दुष्काळाच्या आधीचे. ९ सप्टेंबर २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली, तिने लग्नाची अट काढली. राहत्या घरात मुलग्यांनी वाटणी केल्याशिवाय मुलीने वाटणी मागायची नाही, हे कलमही गेले. मग बाप त्या तारखेला जिवंत असायला हवा का, यावर सर्वोच्च न्यायालयाचेच निकाल एकमेकांशी जुळेनात. २०१५ ला हो म्हटले, २०१८ ला वेगळे. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायाधीशांनी मिटवले: हक्क जन्माने आहे, बाप आधी वारलेला असला तरी. १९५६ च्या कायद्यातली मानलेली वाटणी ही खरी वाटणी नव्हे. २० डिसेंबर २००४ पूर्वी खरी वाटणी किंवा विक्री झालेली असेल तर मात्र ती उकरायची नाही. तोंडी वाटणी झाली होती हा बचाव सहसा चालणार नाही. सरकारी कागदांनी पक्की सिद्ध होत असेल तरच, अपवाद म्हणून.

आत्यांच्या भावांनी वहिती वाटून घेतली होती, कागदावर वाटणी नव्हती. २०२० च्या निकालानुसार चार भावंडे आणि आई सारखीच. आईचा हिस्सा पुन्हा चौघांत. आत्यांचे पाच एकर. १९७४ ला एक, आज पाच. जमीन तीच, बांध तेच.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वारसाचा हक्क तलाठी देत नाही. तो मृत्यूच्या क्षणी मिळतो. फेरफार ही त्याची नोंद. महसूल कोणाकडून घ्यायचा याची सोय. नोंदीने मालकी येत नाही आणि नोंद नसल्याने जात नाही, हे न्यायालयांनी इतक्यांदा सांगितले आहे की आता ते वाक्य पाठ व्हावे. पण गावात सातबारा म्हणजेच मालकी. सातबाऱ्यावर भोगवटादाराचा रकाना एक आणि इतर अधिकारांचा दुसरा. दुसऱ्यात बँकेचा बोजा, विहिरीचा हिस्सा, वाटेचा हक्क लिहितात. अनेक फेरफारांत मी पाहिले आहे की मुलगे पहिल्या रकान्यात आणि आई, बहिणी दुसऱ्यात, सोसायटीच्या कर्जाच्या शेजारी. असे लिहायला कायद्यात आधार नाही. वारस तो वारस. त्याची जागा भोगवटादारात.

आणि तो 'जबाब'. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो. तलाठ्यापुढे दिलेल्या जबाबाने बहिणीचा हिस्सा जात नाही. साठ ते नव्वदच्या दशकांतले कितीतरी फेरफार अशा जबाबांवर उभे आहेत. कागद कच्चे असले तरी त्यांच्यावर तीन पिढ्यांची वहिवाट आहे, त्यामुळे आज कोणी ते हलवायला गेले की घर हलते.

हल्ली रीतसर हक्कसोडपत्र होते. भावाबहिणीतल्या अशा दस्ताला मुद्रांक काही शे रुपयांचा. आमच्याकडे दसरा-दिवाळीला निम्मा जिल्हा कोयता घेऊन उसाच्या फडाकडे निघतो. त्याआधी बहिणी माहेरी येतात आणि याच आठवड्यांत दुय्यम निबंधक कार्यालयाच्या ओट्यावर नव्या साड्या नेसलेल्या बायका बसलेल्या दिसतात. मी त्यांना दस्त वाचून दाखवला आहे. 'स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता' हे वाक्य आले की बहुतेक जणी पदर सारखा करतात. त्यांना काही कळत नाही असे समजू नये. हिशेब त्यांनी केलेला असतो: दोन एकर एका पारड्यात, माहेर दुसऱ्यात. नवऱ्याने हाकलले तर कुठे जायचे, बाळंतपण कुठे, मेल्यावर माहेरची साडी कोण आणणार. सासरी तिच्या नावावर काही नसते म्हणून माहेर तोडणे तिला परवडत नाही, आणि माहेर टिकवण्यासाठी ती माहेरची जमीन सोडते. शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा बायकोच्या नावावर थोडी तरी जमीन करा असे नवऱ्यांना सांगितले, यातले मर्म मला उशिरा कळले. सासरी पाय रोवले असतील तर बाई माहेरी सही करण्याआधी विचारू शकते.

भावांचेही म्हणणे असते, ते सगळेच खोटे नसते. "लग्नात दिलं की." लग्नाच्या खर्चाने वारसा फिटत नाही, हुंडा तर १९६१ पासून गुन्हा आहे, त्याचा हिशेब कोर्टात मांडणार कोण? "तुकडे पडतील." पडतील, पण तीन भावांत पडतात तेव्हा ही काळजी कुठे असते? शिवाय हिस्सा असणे आणि वेगळा बांध घालणे या दोन गोष्टी आहेत. जमीन एकत्र ठेवून नाव लावता येते, पीक वाटून घेता येते. "मेव्हणा परक्याला विकेल." या भीतीवर कायद्यातच उतारा आहे आणि तो फार कोणी वापरत नाही. १९५६ च्या कायद्याचे कलम २२: पहिल्या वर्गाच्या एका वारसाला वारशाने आलेला हिस्सा विकायचा असेल तर बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क. हे शेतजमिनीलाही लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले.

हक्क देताना देशाने मुलींना २००५ पर्यंत थांबवले, जबाबदारी देताना थांबवले नाही. कल्याणच्या एका डॉक्टर बाईंकडे त्यांच्या वडिलांनी पोटगी मागितली; मी लग्न झालेली मुलगी, माझ्यावर भार कसा, असा त्यांचा बचाव होता. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. बापाला पोसण्याचा भार मुलीवरही, लग्न झाले तरी. निकाल योग्यच होता. फक्त त्या वर्षी महाराष्ट्रात त्याच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्याइतका वाटा नव्हता.

आईबापांसाठी आता २००७ चा कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली जमीन, सांभाळले नाही तर परत घेता येते. ती अट दस्तात लिहिलेली असावी, हे ज्यांना आधी कोणी सांगत नाही ते म्हातारे नंतर कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. आईने मुलाच्या लाभात हक्कसोड करताना एक ओळ जास्त लिहायला सांगावी: 'माझा सांभाळ करण्याच्या अटीवर.'

बीडमध्ये वारशाची सर्वांत कडू बाजू तरण्या विधवेची आहे. शेतकरी आत्महत्यांच्या यादीत आमचा जिल्हा वर्षानुवर्षे वरच्या ओळींत आहे. जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्ज नवऱ्याच्या अंगावर. नवरा गेल्यावर तिला सांगतात, त्याच्या नावावर होतेच काय? वडिलोपार्जित जमिनीत त्याचा जन्मसिद्ध हिस्सा होता. तो हिस्सा आता त्याची बायको, मुले आणि आई यांचा. पुढे सासरा वारला तर त्याच्या वाट्यातही आधी वारलेल्या मुलाची विधवा म्हणून ती पहिल्या वर्गाची वारस. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा पाचशेवर स्त्रियांची पाहणी केली; शंभरातल्या सुमारे चाळीस जणींना शेतीचा हक्क मिळालेला नव्हता. इथे सासू आणि सून एकाच हिश्शाच्या दोन वारस असतात. त्या दोघी एकत्र तलाठ्याकडे गेल्या तर पुष्कळ प्रश्न सुटतील, पण मी असे एकदाच पाहिले आहे.

बीडच्या मुस्लिम घरांत कायदा वेगळा, गोष्ट तीच. शरियतीत मुले असताना आईला सहावा हिस्सा आणि बापालाही सहावा, बायकोला आठवा, मुलीला मुलग्याच्या निम्मा. बाप तिथे वगळलेला नाही आणि मुलगी कधीच शून्य नव्हती, चौदाशे वर्षे. पण १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमीन बाजूला ठेवली. फेरफारांत तिथेही बहिणींचे जबाब आहेतच. जबाबाच्या भाषेत मात्र मला काही फरक सापडला नाही.

आत्यांकडे परत येतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली: मेलेल्या खातेदारांची नावे काढून वारसांची लावायची. पुढच्या टप्प्यात एकुमॅसारख्या कालबाह्य नोंदी काढायच्या. थोरला भाऊ चार वर्षांपूर्वी गेलेला, सातबाऱ्यावर अजून तोच, एकुमॅ. भाचा माझ्याकडे विचारायला आला. मी त्याला सांगितले की तुझ्या बापाच्या नावापुढच्या या तीन अक्षरांचा अर्थच असा की तो एकटा मालक नव्हता, कुटुंबाच्या वतीने होता. ती अक्षरे काढायची तर आजोबांचे सगळे वारस लावावे लागतील. दोन्ही आत्याही.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आत्या हक्कसोड करून देईल की."

ते तुझे तू विचार, मी म्हटले.

त्याने विचारले असावे. कारण पुढच्या आठवड्यात आत्याच आल्या, एकट्या, एसटीने. वारसांच्या अर्जाचा कागद घेऊन. भाच्याने तो चांगल्या मनाने भरला होता. त्याच्यावर माझा राग नाही, आणि आत्यांचाही नव्हता. अर्जाला जोडलेल्या वंशावळीत यावेळी खाली चार रेघा होत्या, दोन भावांच्या, दोन बहिणींच्या. त्यांनी मला तो वाचून दाखवायला लावला. आपल्या नावाशी बोट ठेवले. मग वर सरकवले.

"आईचं?"

आईचे नाव नव्हते. ती वारलेली, तिच्यामागे हेच चौघे, म्हणून भाच्याने गाळले होते. मी पेनने तिचे नाव घातले, पुढे 'मयत, १९९१' लिहिले, आणि भाच्याला फोन करून अर्ज नव्याने भरायला सांगितला.

हक्कसोडीचे काय ठरले, असे मी जाताना विचारले. आत्या पिशवीची गाठ मारत होत्या.

"आधी नाव तर लागू द्या," त्या म्हणाल्या. "सोडायला आधी काही असावं लागतं का न्हाई?"

मंडळ अधिकाऱ्याच्या सहीसाठी फेरफार पडून आहे. पंधरा दिवसांच्या नोटिशीत कोणी हरकत घेतलेली नाही.